चोरलेल्या अस्थींवर उभं राहिलेलं चर्च

सन ८६६ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समधल्या आझाँ या शहरात एक चोरी झाली. चोर घाईचा नव्हता. तो तिथे दहाएक वर्षं राहिला, तिथल्या चर्चच्या मंडळींत मिसळला, चांगुलपणाने सगळ्यांचा विश्वास कमावला आणि शेवटी ज्या वस्तूसाठी आला होता तिचाच राखणदार झाला. मग एका सणाच्या दिवशी बाकीचे जेवायला बसलेले असताना त्याने थडगं फोडलं, आतली हाडं पिशवीत भरली आणि तो पसार झाला.

हा चोर स्वतः ख्रिस्ती संन्यासी होता. आरिनिस्दुस असं त्याचं नाव जुन्या लॅटिन लिखाणात येतं, पण प्रत्येक ठिकाणी थोडं वेगळं. ज्या मठाने त्याला पाठवलं, त्या मठाने ही हकिगत लपवली तर नाहीच, उलट हौसेने लिहून ठेवली. त्या मठाचं नाव कोंक. आज तिथे उभं असलेलं संत फ्वा हिचं चर्च म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकातल्या रोमानेस्क, म्हणजे जाड भिंती आणि अर्धगोल कमानींच्या शैलीचा एक अव्वल नमुना मानला जातो. नकाशावर पाहिलं तर पहिला प्रश्न हाच पडतो, की इतक्या आडबाजूला एवढं मोठं चर्च बांधायची गरज कोणाला पडली? त्याचं उत्तर त्या पिशवीत आहे.

आधी जागा समजून घेऊ. फ्रान्सच्या आवेरों जिल्ह्यात, उश आणि दुर्दू या दोन लहान नद्या मिळतात तिथे, खोल दरीच्या उतारावर कोंक वसलंय. लॅटिनमध्ये ‘कोंका’ म्हणजे शिंपला, आणि दरीच्या आकारावरून हे नाव पडलं असं सांगतात. (भाषेचे अभ्यासक या शब्दाचं नातं आपल्या शंखाशीही जोडतात.) आठव्या शतकाच्या अखेरीस इथे दादों नावाचा एक सरदार एकांतवासाला आला. त्याच्याबद्दलची गोष्ट भयंकर आहे. अरबी फौजेने त्याच्या आईला पकडलं आणि बदल्यात त्याचा घोडा मागितला. त्याने घोडा दिला नाही, आणि आईला त्याच्या डोळ्यांदेखत मारण्यात आलं. त्या पश्चात्तापाने तो रानात गेला. ही गोष्ट त्याच काळातल्या एका दरबारी कवीच्या काव्यात आहे, त्यामुळे ती किती खरी आणि किती रचलेली हे ज्याचं त्याने ठरवावं. दादोंभोवती माणसं जमली, संत बेनेडिक्टने घालून दिलेल्या नियमाने चालणारा मठ झाला, आणि ८१९ मध्ये पश्चिम युरोपचा सम्राट शार्लमेन याचा मुलगा सम्राट लुई याने सनद देऊन त्याला जमिनी दिल्या.

पण दरी ती दरीच. शेतीला सपाट जमीन नाही, यायला धड रस्ता नाही. ८३८ मध्ये अक्वितेनचा, म्हणजे नैऋत्य फ्रान्सचा, राजा पेपँ याने फिजाक या सोयीच्या गावी ‘नवं कोंक’ उभारायला घेतलं. हेतू असा, की संन्याशांनी ही अवघड जागा सोडून तिकडे जावं. काही गेले, काही हटून बसले. थोरला मठ कोणता यावरून दोन्हीकडे जे भांडण जुंपलं ते अडीचशे वर्षं चाललं, आणि अकराव्या शतकाच्या अखेरीस, पोप दुसरे अर्बन यांच्या काळात, दोघांना वेगळं करूनच मिटलं. फिजाककडे सोय होती. कोंककडे काय होतं? काहीच नव्हतं. म्हणून त्यांना एक संत हवा होता.

इथे मध्ययुगातली एक कल्पना नीट कळायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेडगळ वाटेल. त्या काळच्या समजुतीप्रमाणे संताचा आत्मा स्वर्गात देवाजवळ असतो, पण त्याची हाडं पृथ्वीवर असतात, आणि शेवटच्या निवाड्याच्या दिवशी तो याच हाडांसह उठणार असतो. त्यामुळे जिथे हाडं तिथे संत हजर. त्याच्याशी बोलता येतं, त्याच्याकडे गाऱ्हाणं मांडता येतं, त्याला नवस बोलता येतो. प्रत्येक वेदीत कोणा ना कोणा संताचा अवशेष असलाच पाहिजे, हा दंडकही आठव्या-नवव्या शतकात पक्का होत गेला. म्हणजे मागणी वाढली, पण हुतात्मे पूर्वीचेच, मोजके. आपल्याकडे ‘जागृत देवस्थान’ म्हणतात तसं व्हायचं तर नावाजलेल्या संताची हाडं हवीत, आणि ती जुन्या रोमन शहरांच्या ताब्यात. आझाँकडे अशी एक संत होती. फ्वा, लॅटिनमध्ये फिदेस, म्हणजे श्रद्धा. परंपरा सांगते की ती बारा वर्षांची मुलगी होती आणि ३०३ मध्ये, रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या काळात झालेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळात, देवतांना बळी द्यायला नकार दिल्यामुळे तिला मारण्यात आलं. ६ ऑक्टोबर हा तिचा सण.

आता चोरी कशी पचवायची? त्यासाठी एक युक्तिवाद तयार होता, आणि मला तो फार हुशारीचा वाटतो. संत सामर्थ्यवान आहे. तिला जायचं नसतं तर चोराचा हात जागीच लुळा पडला असता, आझाँच्या माणसांनी त्याला रस्त्यात गाठलं असतं. तसं काही झालं नाही. पाठलाग करणारे वाट चुकले. म्हणजे तिलाच यायचं होतं! चोरी यशस्वी झाली हाच तिच्या संमतीचा पुरावा. कोंक एकटं नव्हतं, अशा ‘पवित्र चोऱ्यां’च्या कितीतरी हकिगती युरोपभर लिहिल्या गेल्या आणि त्या मठांना त्यांची लाज वाटली नाही. विकत आणलेला संत म्हणजे बाजारातली वस्तू, दान मिळालेला संत म्हणजे कोणाचा तरी उपकार. स्वतःहून निघून आलेल्या संताची गोष्टच वेगळी.

हाडं आली, पण हाडं दिसायला हाडंच. म्हणून नवव्या-दहाव्या शतकांत त्यांच्यासाठी एक मूर्ती घडवली गेली. ती आजही कोंकच्या खजिन्यात आहे. उंची सुमारे ८५ सेंटिमीटर, आत लाकडी गाभा, वर सोन्याचा पत्रा, आणि पोकळीत संत फ्वाचे अवशेष. मूर्ती सिंहासनावर ताठ बसलेली आहे. भाविकांनी वाहिलेले खडे, मोती, रोमन काळातले कोरीव मणी तिच्यावर जडवत गेले, त्यामुळे ती एका शतकाची राहिलीच नाही. हात तर सोळाव्या शतकातले आहेत. सगळ्यात विलक्षण म्हणजे तिचा चेहरा. तो मूर्तीहून कितीतरी जुना, उत्तर रोमन काळातला आहे, आणि बहुधा कोणा सम्राटाचा. बारा वर्षांच्या मुलीच्या अंगावर प्रौढ पुरुषाचं डोकं! पण ते टक लावून पाहणारे डोळे पाहिले की कोणाला तक्रार करायचं सुचत नसावं.

तक्रार केली ती एका शिकलेल्या माणसाने. आंजेचा बर्नार हा शार्त्र इथल्या कॅथेड्रलच्या नामवंत शाळेत बिशप फुल्बेर यांच्या हाताखाली शिकलेला. उत्तरेकडच्या लोकांना संताची बसलेली सोनेरी मूर्ती म्हणजे उघड मूर्तिपूजा वाटे, कारण त्यांच्याकडे अशी पद्धत नव्हती. १०१३ मध्ये तो दक्षिणेत आला. ओरियाक गावात संत जेरो याची सोन्याची मूर्ती पाहिल्यावर त्याने सोबत्याला लॅटिनमध्ये, म्हणजे आसपासच्या भाबड्या लोकांना कळू नये असं, हसत विचारलं की ही ज्युपिटर किंवा मार्सची मूर्ती म्हणून शोभली नसती का? तीन दिवसांनी कोंकला पोचल्यावरही मनात हेच. पण मग तो तिथल्या लोकांच्या हकिगती ऐकत गेला आणि बदलला. पुढे दोनदा परत आला, आणि संत फ्वाच्या चमत्कारांचं एक पुस्तक त्याने लिहिलं. पूर्वीच्या टवाळीबद्दल त्यात पश्चात्ताप आहे. मूर्तीची पूजा होत नाही, तिच्यामुळे हुतात्म्याची आठवण राहते, असं त्याने स्वतःला पटवलं.

या पुस्तकातली फ्वा मोठी गमतीची आहे. गावकरी तिच्या कित्येक चमत्कारांना ‘खेळ’ म्हणत. ती मेलेली खेचरं उठवते, आणि असले चमत्कार संताला शोभतात का, यावर बर्नारला टीकाकारांशी वादही घालावा लागतो. ती लहान मुलीसारखीच दागिन्यांसाठी हट्ट करते. तुलूझच्या काउंटची बायको आर्सिंद हिच्या स्वप्नात येऊन तिने सोन्याची कांकणं मागितली. आर्सिंद म्हणाली, मला मुलगा होऊ दे. सौदा ठरला, दोन मुलगे झाले, कांकणं कोंकला पोचली. मठाची जमीन कोणी बळकावली की संन्यासी मूर्ती उचलत, झांजा आणि हस्तिदंती शिंगं वाजवत त्या शेतात नेऊन ठेवत. कज्जा चालवायची ही पद्धत कोर्टापेक्षा नक्कीच जलद असणार.

तिची खरी ख्याती मात्र कैदी सोडवणारी म्हणून होती. त्या भागात तेव्हा राजाचा धाक उरला नव्हता, गढीगढीवरचे सरदार माणसं पकडून खंडणी मागत. सुटून आलेला कैदी आपल्या बेड्या कोंकला आणून वाहत असे. इतकं लोखंड जमलं की ते वितळवून चर्चची जाळीची दारं केली, असं बर्नार लिहितो. गाभाऱ्याभोवतीच्या आजच्या जुन्या लोखंडी जाळ्या पाहताना ही गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. कीर्ती समुद्रापलीकडे गेली. रॉबर्ट फिट्झवॉल्टर आणि सिबिल हे इंग्लंडमधलं जोडपं रोमच्या यात्रेहून परतताना फ्रान्समध्ये लुटारूंच्या हाती सापडलं, फ्वाचा धावा करून सुटलं, कोंकला येऊन तिच्यापुढे उभं राहिलं आणि घरी गेल्यावर, ११०५ मध्ये, नॉर्फकमधल्या हॉर्शम इथे तिच्या नावाने मठ काढून बसलं. त्यासाठी संन्यासी कोंकहूनच नेले.

यात्रेकरू वाढले तसं जुनं चर्च अपुरं पडलं. मठाधिपती ओदोलरिक यांच्या कारकिर्दीत, १०४० च्या दशकात, नवं बांधकाम सुरू झालं आणि बाराव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत पुरं झालं. आता या इमारतीकडे गर्दीचा प्रश्न सोडवणारी रचना म्हणून पाहा. संन्याशांची प्रार्थना दिवसरात्र ठरल्या वेळी चालणार, ती मोडता कामा नये. यात्रेकरूंना मात्र अस्थींच्या शक्य तितकं जवळ जायचं आहे. उपाय आपल्या ओळखीचा आहे. वेदीभोवती प्रदक्षिणामार्ग ठेवायचा. दोन्ही बाजूंच्या चिंचोळ्या दालनांतून लोक आत येतात, गाभाऱ्याला अर्धगोल वळसा घालतात, वाटेतल्या छोट्या देवळ्यांपाशी थांबतात आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात. मधे जाळी. पलीकडे प्रार्थना चालूच. तुलूझचं संत सेर्नँ, स्पेनमधलं सांतियागो दे कोंपोस्तेला, या यात्रेच्या मोठ्या चर्चमध्येही हाच आराखडा आहे. कोंकला फक्त डोंगर आडवा आला. लांबी छप्पन्नएक मीटरवर थांबली, तर वर मात्र छत सुमारे बावीस मीटरपर्यंत चढलं. आत शिरल्यावर उंची अंगावर येते ती यामुळेच.

हे छत दगडी आहे, अर्ध्या पिंपासारखं गोल, आणि तिथेच खरी अडचण आहे. भिंतीला टेकवलेली शिडी खालून सरकते, तशी प्रत्येक कमान आपल्या पायांना बाहेर ढकलते. बावीस मीटर उंचीवरची सलग दगडी कमान भिंतींना बाहेर रेटत राहणार, आणि एक दिवस भिंती फाकणार. कोंकच्या गवंड्यांनी बाजूच्या दालनांवर माडी चढवली आणि माडीला पाव-गोल छत दिलं. हा पाव-गोल म्हणजे अर्धी कमान. तिचा वरचा टोकाचा भाग मधल्या भिंतीला नेमका जिथे रेटा येतो तिथे टेकतो, कोणी खांदा लावून उभं राहावं तसा. पुढे टोकदार कमानींच्या गॉथिक चर्चच्या बाहेर जे उघडे तिरपे टेकू दिसतात, ते ह्याच कल्पनेचं पुढचं पाऊल आहे. पण या खांद्याची किंमत मोजावी लागते. मुख्य छताच्या लगेच खाली खिडक्या काढता येत नाहीत. प्रकाश बाजूच्या दालनांतून आणि माडीवरून गाळून येतो. हे लक्षात ठेवा, कारण नऊशे वर्षांनी एका चित्रकाराला नेमकं हेच भुरळ घालणार आहे.

बाहेर, पश्चिमेच्या दरवाजावर, अर्धवर्तुळात शेवटच्या निवाड्याचं शिल्प आहे. पावणेसात मीटर रुंद, एकशे चोवीस आकृत्या, आणि अजूनही रंगाच्या खुणा. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी हे कोरलं होतं असं नेहमी सांगितलं जातं, पण सगळ्या पट्ट्यांवर यमकांतल्या लॅटिन ओळी आहेत, म्हणजे वाचणारेही मनात धरलेले होते. एक ओळ स्पष्ट बजावते: पाप्यांनो, वागणूक बदला नाहीतर कठोर निवाड्याला तयार राहा. मधे ख्रिस्त, उजवा हात वर, डावा खाली. त्याच्या उजव्या बाजूला शिस्त आणि शांतता. मेरी, किल्ली घेतलेला पीटर, मागे मठाधिपती, आणि त्याने हाताला धरून आणलेला सम्राट, जो शार्लमेन मानला जातो. सम्राट स्वर्गात जातोय तो मठाच्या शिफारशीवर, हा टोला उघडच आहे. खाली एका कमानीत छोटीशी फ्वा देवाच्या हातापुढे ओणवी झाली आहे, आणि तिच्या मागे कमानींत बेड्या टांगलेल्या आहेत.

डावीकडचा नरक, खरं सांगायचं तर, जास्त जिवंत आहे. कारागीराचा हात तिथे मोकळा सुटलेला दिसतो. गर्विष्ठ सरदार घोड्यावरून डोक्यावर आपटतोय. कंजूष गळ्यातल्या थैलीसह फासावर लटकतोय. कोणाची जीभ ओढली जातेय. एका माणसाला सशाच्या तोंडाचा सैतान भाजतोय, आणि गावात त्याला चोरटा शिकारी म्हणून ओळखतात. तराजूपाशी देवदूत मायकल आणि सैतान समोरासमोर उभे आहेत आणि सैतान आपल्या बाजूचं पारडं बोटाने दाबतोय. माल तोलताना मारलेला काटा बाराव्या शतकातल्या लोकांना चांगलाच ठाऊक असणार. आणि सगळ्यात बाहेरच्या कडेला, दगडी पट्टीच्या आडून, फक्त नाकडोळे वर काढून काही चेहरे हा तमाशा चोरून बघताहेत.

त्याच शतकातल्या कोंपोस्तेलाच्या यात्रेच्या मार्गदर्शिकेत ल प्युई या फ्रेंच गावाहून निघणाऱ्या वाटेवर फ्वाच्या अस्थींचं दर्शन घ्या, असं सांगितलं आहे. चर्चच्या दारासमोरच्या झऱ्याचीही त्यात तोंडभर स्तुती आहे. दिवसभर डोंगर तुडवून आलेल्या माणसाला आधी पाणीच आठवणार.

नंतरची घसरण लवकर सांगून टाकतो. यात्रा ओसरली, प्लेग आला, इंग्रज-फ्रेंच युद्ध रेंगाळलं. १५३७ मध्ये संन्यासी मठाचे नियम सोडून साधे धर्माधिकारी झाले. १५६८ मध्ये प्रोटेस्टंट सैनिकांनी लावलेल्या आगीत गाभाऱ्याचे खांब तडकले आणि ते दगडी बांधकामात चिणून वाचवावे लागले. पण पैसा नव्हता हेच एका अर्थी बरं झालं. श्रीमंत मठांनी जुनी चर्च पाडून गॉथिक थाटाची नवी बांधली. कोंकला ते परवडलं नाही, म्हणून अकराव्या शतकाचं चर्च अकराव्या शतकाचंच राहिलं.

मग फ्रेंच राज्यक्रांती आली. चर्चची संपत्ती सरकारजमा होऊ लागली, देशभर सोन्याचांदीच्या मूर्ती वितळवून नाणी पाडली गेली. कोंकच्या गावकऱ्यांनी काय केलं, तर खजिना आपसांत वाटून घेतला आणि लपवला. बागांत पुरला, चेस्टनट वाळवायच्या झोपड्यांत दडवला. वादळ शमल्यावर तो परत आणून दिला. गरीब गाव, हातात सोनं, बाहेर गोंधळ, आणि तरीही फ्वाची मूर्ती घरी परतली. सगळ्या इतिहासात मला हा भाग सर्वांत थोर वाटतो. इमारतीच्या नशिबी मात्र तेवढी माया नव्हती. मठाचं चौकोनी अंगण आणि त्याभोवतीच्या ओवऱ्या एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बऱ्याचशा पाडल्या गेल्या आणि दगड घरांना लागले.

१८३७ मध्ये ऐतिहासिक वास्तूंचे सरकारी निरीक्षक प्रोस्पेर मेरिमे इथे आले. लेखक म्हणून नाव असलेला हा माणूस. अशा ओसाड जागी एवढं वैभव सापडेल याची आपल्याला मुळीच कल्पना नव्हती, अशा अर्थाचं त्यांनी नोंदवून ठेवलंय. १८४० च्या संरक्षित वास्तूंच्या पहिल्याच यादीत कोंक आलं. १८७३ मध्ये प्रेमोंत्रे पंथाचे संन्यासी येऊन राहिले आणि शतकाच्या शेवटच्या दशकांत डागडुजी झाली. दर्शनी भागाच्या दोन्ही बुरुजांचं आजचं रूप त्या डागडुजीतलं आहे, बाराव्या शतकातलं नव्हे. फोटोंमध्ये हे सहसा कोणी सांगत नाही.

कोंकजवळच्या रोदेज शहरात १९१९ मध्ये जन्मलेले पिएर सुलाज लहान वयात शाळेबरोबर हे चर्च पाहायला आले आणि आयुष्य कलेलाच द्यायचं हे त्यांनी इथेच ठरवलं, असं ते पुढे सांगत. काळ्या रंगातल्या चित्रांसाठी ते जगभर गाजले. १९८६ मध्ये त्यांच्याकडे इथल्या खिडक्यांचं काम आलं. विसाव्या शतकाच्या मध्यावर बसवलेल्या रंगीत चित्रांच्या काचा काढायच्या होत्या. सुलाज यांनी रंग पूर्ण नाकारला. चित्र नाही, संत नाही, फक्त शिशाच्या वळणदार तिरप्या रेघा आणि पांढरट काच. पण ही काच बाजारात मिळत नव्हती. प्रकाश आत यावा, बाहेरचं दिसू नये, आणि तुकड्यागणिक दाट-विरळ असावी, अशी काच जमेपर्यंत शेकडो प्रयोग झाले. तुलूझचे काचकारागीर जाँ-दोमिनिक फ्लरी यांनी खिडक्या तयार केल्या. १९९४ पर्यंत एकशे चार खिडक्या पूर्ण झाल्या. गावात अनेकांना त्या आवडल्या नाहीत. रंगीत संत जाऊन रेघा आल्या तर कोणाला राग येणार नाही!

कोंकच्या दगडात पिवळा, तांबूस आणि करडा असे रंग आधीच आहेत. रंगीत काच त्यांच्यावर आपला रंग सांडायची. सुलाज यांच्या काचेतून सकाळी निळसर छटा येते, दिवस कलताना ती उबदार होत जाते, आणि भिंतीचा दगड स्वतःच्या रंगात दिसतो. टेकू देणाऱ्या त्या माडीवरून गाळून येणारा प्रकाश गवंड्यांची मजबुरी होती. या खिडक्यांनी तिलाच कामाला लावलं.

१९९८ मध्ये फ्रान्समधल्या कोंपोस्तेलाच्या वाटांचा भाग म्हणून चर्चचं नाव जागतिक वारशाच्या यादीत आलं, आणि त्याच वाटेने आजही पाठीवर पिशव्या घेतलेले यात्रेकरू येतात. यात्रेच्या दिवसांत रात्रीच्या प्रार्थनेनंतर मठातला एखादा संन्यासी बाहेर दरवाजासमोर उभा राहतो आणि त्या एकशे चोवीस आकृत्या एकेक करून समजावून सांगतो. ऐकणारे पायऱ्यांवर बसतात, दुखरे पाय चोळतात, आणि तराजूचं पारडं दाबणाऱ्या सैतानापाशी पोचले की हसतात.